व्हॉल्व्ह प्रीअँपची घुमघुम अखेर गेली : चॅसिसची मांडणी

लक्षण : १२एएक्स७ व्हॉल्व्हचा (काचेच्या नळीचा) घरी बांधलेला प्रीअँप, म्हणजे पॉवर अँपच्या आधी बारीक सिग्नल वाढवणारा अँप, व्हॉल्यूम शून्यावर असतानाही ५० हर्ट्झची जाड घुमघुम. मोठे फिल्टर कपॅसिटर, दुसरा व्हॉल्व्ह, शील्डची वायर लावून पाहिली. तसूभर फरक नाही. फार वैताग आला.

खूण सापडली ती लाइन गेल्यावर, आणि आमच्या आर्वीकडच्या खेड्यात ती जातेच. पॉवर अँप इन्व्हर्टरवर होता, प्रीअँप थेट लाइनवर. घुमघुम तत्क्षणी थांबली, गाणं मात्र कपॅसिटरमधल्या साठ्यावर थोडा वेळ वाजत राहिलं. म्हणजे संशय ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रावर, नाहीतर हीटरच्या, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेच्या, एसीवर. चॅसिसचा, म्हणजे सगळं ज्यावर बसवलंय त्या सांगाड्याचा, अॅल्युमिनियमचा पत्रा ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र अडवत नाही.

आधी प्लग काढून कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामे केले. २५० व्होल्ट डीसी जीव घेऊ शकतो. ट्रान्सफॉर्मर इनपुटपासून सर्वांत लांबच्या कोपऱ्यात नेला. दर वेळी लाइन बंद करून तो थोडा वळवायचा, पुन्हा ऐकायचं. जवळपास काटकोनात वळल्यावर आवाज एकदम पडला, तिथेच बोल्ट कसले.

मग हीटरच्या दोन्ही वायरींना घट्ट पीळ देऊन त्या पत्र्याच्या घडीत दाबल्या आणि प्रत्येकीपासून १०० ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला (सर्किटच्या शून्य व्होल्टच्या तारेला) जोडला. सिग्नलची वायर त्यांना काटकोनातच ओलांडते.

शेवटी ग्राउंड. पॉवर सप्लायपासून इनपुटपर्यंत एक जाड तांब्याची तार, चॅसिसला फक्त इनपुट सॉकेटजवळ जोडलेली. सॉकेटखाली इन्सुलेटिंग वॉशर हवेतच, नाहीतर सॉकेटमधूनही चॅसिसला दुसरा जोड मिळतो. राहिलेली बारीक गुणगुण इथे गेली.

लाइनची अर्थ वायर चॅसिसला वेगळ्या बोल्टवर. ती कधीही काढू नका. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा.