ट्रोल जळतो हे तुम्हाला माहितीये, तुमच्या कॅरेक्टरला माहितीये का?

डी अँड डी, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून, फासे टाकत, प्रत्येकाने आपापलं एक कॅरेक्टर (पात्र) घेऊन गोष्ट रंगवायचा खेळ. तो खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपमध्ये हा सीन एकदा तरी होतोच. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या कॅरेक्टर्सची टोळी, पुलावर आलीये, खालून ट्रोल नावाचा अक्राळविक्राळ प्राणी वर चढतो, बार्बेरियन (रानटी योद्धा) त्याला दणादण दोन घाव घालतो आणि ट्रोलची टर्न आली की डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा डंजन मास्टर, म्हणतो, जखमा भरून आल्या. टेबलावर सगळे गप्प. पाचातल्या चौघांना पक्कं माहितीये की ट्रोलला आग नाहीतर ॲसिड लागतं, पाचवा नवीन आहे, त्याला बिचाऱ्याला काहीच माहिती नाही, आणि ते चौघं आता एकमेकांकडे असे बघतायत की जणू काही वर्गात कोणीतरी काच फोडलीये. मग आमचा विझर्डवाला (जादूगार खेळणारा), जो गेली सहा सेशन्स दिसेल त्याच्यावर फायर बोल्ट हा आगीचा मंत्रच मारतो, दार उघडत नसलं तरी फायर बोल्ट, तो एकदम सोज्वळ चेहरा करून म्हणतो, "मी रे ऑफ फ्रॉस्ट मारतो." आग सोडून गारठ्याचा मंत्र! का रे बाबा? तर म्हणे मेटागेमिंग नको.

अरे पण हेच तर मेटागेमिंग झालं ना! आग चालते हे माहिती आहे म्हणूनच तू आग टाळलीस. मेटागेमिंग म्हणजे खेळाडूला ठाऊक असलेली पण कॅरेक्टरला ठाऊक नसलेली गोष्ट धरून निर्णय घेणं, मग तो निर्णय फायद्याचा असो नाहीतर तोट्याचा. डोक्यात शिरलेली माहिती बाहेर काढता येत नाही, त्यामुळे "मला माहितीच नाही" हे नाटक करत बसण्यात अर्थ नाही. त्या माहितीचं करायचं काय एवढंच आपल्या हातात असतं.

तर अशा वेळी पहिलं काम, स्वतःला विचारायचं की समोर ट्रोल नसता, नुसता एखादा ओगर नावाचा दांडगा प्राणी असता, तर माझ्या कॅरेक्टरने काय केलं असतं? विझर्डची सवय फायर बोल्टची आहे ना, मग मार फायर बोल्ट, बिनधास्त. कोणी काही म्हणणार नाही आणि म्हटलं तर मागची सहा सेशन्स साक्षीला आहेत. बार्बेरियनच्या हातात पेटती मशाल असेल तर कुऱ्हाडीने जमत नाहीये म्हटल्यावर कधीतरी तो वैतागून तीच हाणणार, आणि २०१४ च्या रूल्समध्ये मशालीचं फायर डॅमेज (आगीचं नुकसान) फक्त १ असलं तरी ट्रोलचं पुढच्या टर्नचं १० हिट पॉइंट्सचं (जीव किती उरला ते मोजायचे गुण) भरून येणं तेवढ्यानेही थांबतं. ८४ हिट पॉइंट्सचा प्राणी दर टर्नला १० परत मिळवत असेल तर तीन टर्न नाटक केलं की ३० पॉइंट्स गेले पाण्यात, आणि मरतो कोण, तर तो नवीन आलेला पाचवा.

दुसरं काम म्हणजे सरळ डीएमला विचारा, "माझ्या कॅरेक्टरने ट्रोलबद्दल कधी ऐकलं असेल का?" हा प्रश्न विचारायला लोक का लाजतात कळत नाही. डीएम नेचरचा, म्हणजे निसर्गाच्या माहितीचा, रोल (फासा) मागेल, डीसी, म्हणजे पास व्हायला लागणारा आकडा, १० नाहीतर १५ ठेवेल, विषय संपला. मी स्वतः डीएम असतो तेव्हा तर बऱ्याचदा रोलही मागत नाही. विचार करा, हडळीचे पाय उलटे असतात हे आपल्याला कोणत्या शाळेत शिकवलं? आजीने नाहीतर गावाकडच्या कोणीतरी सांगितलं, आणि आपल्याकडे तर हडळ कोणी पाहिलेलीही नाही. मग जिथे पुलाखाली खरेखुरे ट्रोल राहतात तिथल्या पोराला आगीचं माहिती नसेल असं कसं होईल? उलट अर्धवट माहिती असेल, त्यातली काही चुकीचीही असेल, आणि ती चुकीची माहिती डीएमने द्यायची, त्यात खरी मजा आहे.

याच्यावरून आठवलं, राक्षस. मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये, म्हणजे गेममधल्या प्राण्यांच्या पुस्तकात, राक्षस आहे आणि आपली मराठी पोरं तिथे हमखास उलटी फसतात, कारण आपल्या डोक्यातला राक्षस म्हणजे आडदांड, सुळे बाहेर, हिडिंबेचा भाऊ. तिथला मात्र वाघाच्या तोंडाचा, रूप बदलून उंची कपड्यांत फिरणारा, गोड बोलून काम करून घेणारा, आणि हाताचे तळवे उलटे. मी एकदा त्याला व्यापारी म्हणून आणला होता. प्रत्येक भेटीत हात शालीखाली, पैसे घेताना नोकर पुढे. तिसऱ्या सेशनला रोगवाली (रोग म्हणजे इंग्रजी Rogue, चोर-भामट्याचं कॅरेक्टर) म्हणाली, "थांब, याचे हात आपण एकदाही पाहिले नाहीत. हडळीचे पाय तसे याचे हात तर नाहीत ना?" तिने मॅन्युअल कधी उघडलेलं नव्हतं. आता याला मेटागेमिंग म्हणून गप्प बसवायचं का? मी मनातल्या मनात टाळ्या वाजवल्या आणि इनिशिएटिव्ह, म्हणजे लढाईत कोणाची टर्न आधी ते ठरवणारा फासा, मागितला.

डीएम मंडळींना एकच सांगणं, टेबलावर पोलिसगिरी करू नका. "तुझ्या कॅरेक्टरला हे माहिती नाही" असं म्हटलं की भांडण सुरू. त्याऐवजी विचारा, "बरं, त्याला कुठून कळलं?" दहापैकी आठ वेळा समोरून काहीतरी भारी उत्तर येतं, काका भाडोत्री सैनिक होते, एका देवळाच्या भिंतीवर चित्र पाहिलं होतं, आणि तुम्हाला फुकटात एक काका मिळतात ज्यांना पुढे किडनॅप करता येतं. आणि स्टॅट ब्लॉक (प्राण्याचे सगळे आकडे आणि ताकदी) पाठ असलेला खेळाडू ग्रुपमध्ये असेल तर ट्रोलचं वर्णन बदला की. दलदलीतला, शेवाळलेला, नाव काहीतरी वेगळंच. सगळी लढाई एका गुपितावर उभी असेल आणि ते गुपित पन्नास वर्षं जुन्या गेमचं असेल तर ते फुटणारच.

फाशांचं मेटागेमिंग मात्र मला जास्त छळतं. एकाने खोली तपासली, वीस बाजूंच्या फाशावर पडले ३, डीएम म्हणाला काही दिसत नाही, की लगेच बाकीचे चौघं, "मी पण बघतो, मी पण!" १७ पडले असते तर कोणी हललं नसतं. यावर उपाय आहेत. एक तर पॅसिव्ह परसेप्शन, म्हणजे कॅरेक्टरचं आपसूक लक्ष जाणं, वापरा, १० अधिक मॉडिफायर (कॅरेक्टरच्या कौशल्याचा आकडा), फासा टाकायचाच नाही. नाहीतर आधीच सांगा की एक जण शोधणार आणि दुसरा मदत करणार, म्हणजे ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा) मिळेल, पण प्रयत्न एकदाच. सगळी पार्टी लपतछपत जात असेल तर ग्रुप चेक, निम्मे पास झाले तर सगळे पास. आणि पुन्हा शोधायचंच असेल तर शोधा, पण दहा मिनिटं जातील आणि गस्तवाले काही आंधळे नाहीत. फुकट मिळतंय म्हणून लोक परत परत फासे टाकतात, किंमत लावली की आपोआप विचार करतात.

आता उलटी बाजू. काही मेटागेमिंग केलंच पाहिजे. "माझा रोग कोणावर विश्वास ठेवत नाही, तो पार्टीबरोबर गुहेत जाणारच नाही, माझं कॅरेक्टर असंच करेल." अरे, ते कॅरेक्टर बनवलं कोणी? तूच ना? डीएमने आठवडाभर रात्री जागून गुहा काढलीये, चार मित्र रविवारची झोप सोडून आलेत, हे तुला माहितीये आणि तुझ्या रोगला माहिती नाही, तर वापर की ती माहिती. कारण शोध. पार्टीतल्या क्लेरिककडून (पुजाऱ्याकडून) उधारी वसूल करायचीये म्हणून जा, खजिन्याचा वास आला म्हणून जा. विश्वास न ठेवताही बरोबर जाता येतं, घरोघरी नातेवाईक हेच करतात. हे सगळं सेशन झिरोलाच, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच्या बैठकीतच, बोलून घेतलेलं बरं, म्हणजे ऐन गुहेच्या तोंडाशी अर्धा तास जात नाही.

तसंच मुद्दाम खड्ड्यात उडी मारायची मजा. सरदार दगाबाज आहे हे तुम्ही ऐकलंत कारण तो सीन टेबलावरच झाला, पण तुमचा पॅलाडिन (धर्मयोद्धा) तेव्हा तिथे नव्हता. मग पॅलाडिनने त्या सरदारालाच जाऊन गुपित सांगावं. फेट नावाच्या दुसऱ्या एका गेममध्ये अशी अडचण अंगावर घेतली की फेट पॉइंट मिळतो, डी अँड डीमध्ये डीएमने इन्स्पिरेशन (बक्षीस म्हणून फाशाची सवलत) द्यावं, निदान चहा तरी.

राहिले डेथ सेव्ह, म्हणजे हिट पॉइंट्स संपून पडलेलं कॅरेक्टर जगतं की मरतं ते ठरवणारे फासे. पडलेल्याचे फासे सगळ्यांना दिसतात, दोन फेल झाले की क्लेरिक धावते, एकच असेल तर म्हणते अजून वेळ आहे. आमच्याकडे आता ते वाटीखाली टाकतात, टाकणारा आणि मी, दोघांनाच दिसतं. मागच्या महिन्यात बार्बेरियन पडला, क्लेरिकवाली पळणाऱ्या मांत्रिकाच्या मागे दारापर्यंत गेली, आणि तिथे थांबून बार्बेरियनवाल्याच्या तोंडाकडे बघत बसली. तो पठ्ठ्या काही बोलेना. दोन फेल होते त्याचे. शेवटी तिने मांत्रिक सोडला, म्हणाली मी परत फिरते, तेवढ्यात याची टर्न आली, वाटी उचलली तर नॅचरल २० (फाशावर थेट २०). एक हिट पॉइंट घेऊन हा उठून बसला, मांत्रिक गेला तो गेलाच, आणि ती अजून त्याच्याशी नीट बोलत नाहीये.