जेनेटिक टेस्टला जायच्या आधी माहेरची वंशावळ लिहून काढा

माझ्या भाच्याला घाम येत नाही. कमी येतो असं नाही, येतच नाही. केस विरळ, पिवळट, आणि चार वर्षांचा झाला तरी तोंडात मोजून पाच दात, तेही टोकदार. आठ महिन्यांचा असताना एप्रिलात ताप आला तो उतरेचना, मलेरिया झालं टायफॉइड झालं सगळ्या टेस्ट झाल्या, शेवटी एका स्किनच्या डॉक्टरांनी त्याला टेबलावर उघडं झोपवून पाठीवरून नुसता हात फिरवला आणि माझ्या बहिणीला विचारलं, याला कधी घामेजलेलं पाहिलंय का? ती बघतच राहिली. आजाराचं नाव हायपोहायड्रॉटिक एक्टोडर्मल डिस्प्लेझिया, आणि पुढचं वाक्य होतं की जेनेटिक टेस्ट करून घ्या.

ती करून घ्या म्हणजे नक्की काय करायचं हे कुणी सांगत नाही, म्हणून लिहितेय. माशाच्या खवल्यांसारखी त्वचा म्हणजे इक्थायोसिस, जरा घासलं की फोड येणारा एपिडर्मोलायसिस बुलोसा, मण्यांच्या माळेसारखे केस होऊन तुटतात तो मोनिलेथ्रिक्स, या सगळ्यांना थोड्याफार फरकाने हेच लागू. कोड किंवा चाई असेल तर मात्र एवढं करत बसू नका, त्यात अनुवंशिकतेचा वाटा असतो पण एका जीनचा खेळ नाही.

पहिलं काम रक्त नाही, कागद. मोठा ड्रॉइंग पेपर घ्या आणि कमीत कमी तीन पिढ्या लिहा. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजार असेल तर आतून काळा करायचा, गेलेल्या माणसावर तिरपी रेघ, आणि नात्यात लग्न झालं असेल तर नवरा-बायकोत डबल रेघ. ही डबल रेघ लपवू नका प्लीज, मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे काही आक्रीत नाही आणि डॉक्टर तुम्हाला नावं ठेवायला विचारत नाहीत. काही आजारांत आई आणि वडील दोघांकडून जीनची एकेक बिघडलेली कॉपी आली तरच मुलाला होतो, आणि नात्यातल्या लग्नात तशी शक्यता वाढते, त्यामुळे कुठला जीन आधी बघायचा हे त्या रेघेवरूनही ठरतं.

आता नाशिकचे असल्यामुळे आमच्या बाबांना वाटलं की वंशावळ तर रामकुंडावर तयारच आहे. गेलो. उपाध्यायांनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, कापडात बांधलेलं बाड सोडलं आणि पाच मिनिटांत खापरपणजोबांपर्यंत नावं वाचून दाखवली, बाबांच्या डोळ्यात पाणी. पण आमच्या कामाचं त्यात काहीच नव्हतं, कारण तिथे बापाचा मुलगा, त्याचा मुलगा अशी ओळ चालते, आणि लग्न करून गेलेल्या लेकींची पोरं त्यांच्या सासरच्या नामावळीत. आणि हा आजार नेमका लेकींमधून उतरतो.

या आजारात बहुतेक वेळा बिघडतो तो ईडीए नावाचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो. बाईला एक्स दोन, पुरुषाला एकच. बाईचा एक बिघडला तर दुसरा बरंचसं सांभाळून घेतो, ती कॅरिअर, म्हणजे वाहक, होते. तिच्या प्रत्येक मुलाला आजार व्हायची शक्यता निम्मी, प्रत्येक मुलगी कॅरिअर व्हायची शक्यताही निम्मी. उलट आजारी पुरुषाच्या सगळ्या मुली कॅरिअर, मुलगे मात्र सगळे सुटलेले, कारण मुलाला बापाचा वाय मिळतो. गंमत म्हणजे १८७५ मध्ये डार्विनने सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाबद्दल हेच लिहून ठेवलंय, चार पिढ्यांत दहा पुरुषांना दात थोडेसेच, अंगावर केस जवळजवळ नाहीत, उन्हाळ्यात कोरड्या त्वचेने हाल, मुलींना काही नाही पण त्यांच्या मुलांमध्ये मात्र उतरतं. जीन सापडला १९९६ साली, म्हणजे जवळजवळ सव्वाशे वर्षं लागली, पण उतरतं कसं ते नुसत्या वंशावळीवरून आधीच कळलेलं होतं.

म्हणून माहेरची बाजू लिहा, आणि आईच्या आईचीही. प्रश्न विचारताना 'आपल्याकडे कुणाला आजार होता का' असं विचारू नका, सगळे नाहीच म्हणतात. असं विचारा की कवळी कुणाला लवकर बसली, केस कुणाचे वाढायचेच नाहीत, ऊन कुणाला सोसायचं नाही. आमचा दिंडोरीचा मामा द्राक्षांच्या छाटणीत तासातासाला पाटावर जाऊन बनियन भिजवून यायचा, ओला टॉवेल डोक्यावर, आणि सगळं गाव त्याला कामचोर म्हणायचं, आमच्या घरातही तेच. हा प्रश्न विचारल्यावर आई एकदम गप्प झाली. मग म्हणाली, अगं त्याला घाम यायचाच नाही. तो जाऊन अकरा वर्षं झालीत.

फोटो जमवा, मुंजीचे, लग्नाचे, दात दिसतील असे. दातांचा ओपीजी एक्सरे (सगळा जबडा एकत्र दिसतो तो) असेल तर तोही फाइलला लावा. कॅरिअर बायकांत खुणा हलक्या असतात, एखादा दात जन्मतःच नसतो, केस थोडे पातळ. माझे स्वतःचे पुढच्या दोन दातांच्या बाजूचे दोन दात आलेच नाहीत, मी पस्तिशीपर्यंत समजत होते की लहानपणी पडून तुटले! बहिणीच्या पाठीला डॉक्टरांनी आयोडीन लावून वर कॉर्नफ्लोअर भुरभुरलं होतं, पंखा बंद करून बसवलं, घाम आला तिथे निळं-काळं झालं आणि मध्ये मध्ये इंग्रजी व्हीसारखे पांढरे पट्टे कोरडे राहिले. प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असतो, त्यामुळे जिथे बिघडलेला चालू तिथे घाम नाही.

मग रक्त. केसांचा आजार म्हणून केस कापून पाकिटात घालून नेऊ नका, आम्ही नेले होते. कापलेल्या केसात मूळ नसतं, आणि डीएनए रक्तातही तोच असतो. दोन-चार मिली पुरतं, जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए ट्यूबमध्ये, उपाशी राहायची गरज नाही. घेतल्यावर ट्यूब आठ-दहा वेळा हळूच उलटसुलट करायला सांगा, कारण एका लॅबमधून आमचं सँपल गोठलेलं पोचलं आणि पोराला परत टोचावं लागलं, त्याने जो आरडाओरडा केला तो अजून कानात आहे. कुरिअरने जाणार असेल तर सोमवार-मंगळवारी द्या, रविवारी पडून राहत नाही. थुंकीचं किट दिलं तर अर्धा तास आधी काही खायचं नाही, आणि आजीला सकाळची मिश्री लावायच्या आधी गाठा. फोड येणाऱ्या आजारात त्वचेचा छोटा तुकडाही मागतात. सँपल आई-बाबा दोघांचं घेतात, एकट्या मुलाचं नाही, ते बघून घ्या.

सँपल टेस्टसाठी घेताहेत की संशोधनासाठी, हे आधी विचारा. पैसे भरून केलेल्या टेस्टचा रिपोर्ट ठरलेल्या मुदतीत मिळतो. संशोधनात बहुतेक वेळा पैसे लागत नाहीत पण वर्ष जाऊ शकतं आणि हाती काही येईलच असं नाही, आणि आलं तरी ते मान्यताप्राप्त लॅबमधून परत तपासून घ्यायचं. संमतीपत्र मराठीत मागा, मिळतं. सँपल किती वर्षं ठेवणार, दुसऱ्या अभ्यासाला वापरणार का, फोटो छापला तर चेहरा झाकणार का, नवीन काही सापडलं तर आम्हाला कळवणार का, आणि मध्येच नाही म्हणता येतं का, हे सगळं विचारा. शेवटच्याचं उत्तर हो असंच असतं, कधीही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. सात वर्षांच्या वरच्या मुलाला त्याच्या भाषेत सांगून त्याचंही हो घ्यायचं असतं, नुसती आई-बापांची सही पुरत नाही. आणि एक कॉपी घरी आणा, आम्ही विसरलो.

मुंबईला जायचं असेल तर परळचं केईएम २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात सेंटर ऑफ एक्सलन्स आहे, सकाळच्या पंचवटीने दादरला उतरायचं. कागद आधी व्यवस्थित असेल तर एका फेरीत भागतं.

रिपोर्टमध्ये पॅथोजेनिक लिहिलं असेल तर तो बदल आजाराचाच. व्हीयूएस लिहिलं असेल तर त्या बदलाचा अर्थ अजून ठरलेला नाही, त्यावरून गरोदरपणाचे वगैरे निर्णय घेऊ नका, वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा तपासायला सांगा. निगेटिव्ह आला म्हणजे आजार नाही असंही नाही, कधी जीन दुसराच असतो.

एकदा घरातला बदल सापडला की बाकीच्यांसाठी टेस्ट स्वस्त पडते, तेवढी एकच जागा बघायची असते. गर्भातल्या बाळाची तपासणी अशा आजारात कायद्याने करता येते, नोंदणी असलेल्या सेंटरमध्येच, पण लिंग सांगत नाहीत, विचारूही नका. जर्मनीत एर्लांगेनला डॉक्टरांनी जुळ्या मुलांना गर्भात असतानाच गर्भजलातून कमी असलेलं प्रोटीन दिलं आणि त्या मुलांना घाम येतो, हे २०१८ ला छापून आलं. अजून ट्रायल चालूय, आपल्याकडे मिळत नाही, व्हॉट्सअॅपवर कुणी इंजेक्शन विकत असेल तर सोडून द्या. भाच्यासाठी सध्या पाण्याचा स्प्रे, ओला बनियन आणि शाळेला डॉक्टरांचं पत्र की दुपारी मैदानात उभं करू नका.

आता नातेवाईकांना सांगायचं, हे सगळ्यात अवघड. फोनवर नको, आणि लग्न ठरवायच्या बैठकीत तर नकोच. लहान मुलींच्या कॅरिअर टेस्टची घाई करू नका, मोठी झाल्यावर तिची ती ठरवेल. आमच्या कागदावर मामाच्या मुलीचा गोल आहे, सिन्नरला असते, रक्त न तपासताही ती कॅरिअर आहे हे आम्हाला माहितीय आणि तिला नाही. तिला सातवा महिना लागलाय. रविवारी मी आणि आई जाणार आहोत, फाइल घेऊन.