ट्यूनर घ्यायचाय? आधी कोणत्या वाद्यासाठी आणि कुठे वाजवणार ते ठरवा

आमच्या सोसायटीत गणपतीत एक दिवस गाण्यांचा कार्यक्रम असतो, एक पेटी, एक तबला, दोन गिटार आणि गाणारे वीसजण. दोन वर्षांपूर्वी मी ट्यूनर, म्हणजे वाद्य सुरात आहे का ते दाखवणारं छोटं यंत्र, लावून गिटार व्यवस्थित जुळवली, सहाही तारांना हिरवा दिवा आला, आणि पेटी सुरू झाली तसं काहीतरी खटकायला लागलं. पेटीवाले काका म्हणाले, "अरे, गिटार उतरलीये तुझी." परत बघितलं तर हिरवाच दिवा. शेवटी ट्यूनर पेटीपाशी धरला, काकांना पांढरी सहा, म्हणजे ए सुराची पट्टी, दाबून ठेवायला सांगितली, तर काटा उजवीकडे १२ सेंटवर. म्हणजे गिटार पण बरोबर होती आणि पेटी पण, फक्त दोघींचा पायाच वेगळा होता. ट्यूनरमधलं कॅलिब्रेशन, म्हणजे हा पाया ठरवणारा आकडा, ४४० चं ४४३ केलं, तारा परत लावल्या आणि सगळं जुळलं. दुसऱ्या गिटारवाल्याच्या ट्यूनरमध्ये ही सोय नव्हती, त्याला माझ्या गिटारवरून कानाने लावावी लागली. तेव्हापासून कोणी विचारलं की कुठला ट्यूनर घेऊ, की मी आधी कंपनी सांगत नाही, आधी विचारतो की कोणाबरोबर वाजवणार आहेस.

दोन शब्द आधी समजून घ्या म्हणजे खोक्यावरचं सगळं वाचता येईल. मधल्या ए सुराची कंपनं सेकंदाला ४४०, हा जगभर धरलेला पाया, त्यालाच ए ४४० म्हणतात. आणि सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर, समजा पांढरी एक आणि काळी एक, त्याचे १०० भाग केले तर त्यातला एक भाग. साधारण माणसाच्या कानाला ५-६ सेंटचा फरक जाणवायला लागतो, पण दोन तारा एकत्र वाजत असतील तर त्याहून कमी फरकालाही आवाज लहरतो आणि ते लगेच कळतं. साधे ट्यूनर १ सेंटपर्यंत अचूक असतात, स्ट्रोब पद्धतीचे महाग ट्यूनर ०.१ सेंटपर्यंत. माझं मत विचाराल तर शिकणाऱ्याला आणि कार्यक्रम करणाऱ्यालाही १ सेंट भरपूर झालं, स्ट्रोब घ्यावा तो गिटार दुरुस्त करणाऱ्याने किंवा रेकॉर्डिंगवाल्याने.

स्टेप १, ट्यूनर सूर ऐकणार कसा ते ठरवा. ट्यूनर एकतर माइकने हवेतला आवाज ऐकतो, नाहीतर क्लिपमधल्या पिझो सेन्सरने लाकडाची थरथर पकडतो, नाहीतर वायरने थेट पिकअपचा, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारमधल्या तारांची थरथर पकडणाऱ्या भागाचा, सिग्नल घेतो. मोबाइलवरचं अ‍ॅप म्हणजे माइकवालाच ट्यूनर, आणि घरी एकट्याने सराव करत असाल तर खरंच ते पुरेसं आहे, उगाच पैसे घालवू नका. पण मुंबईत शांतता मिळते कुठे, खिडकीत रिक्षांचे हॉर्न, वरच्या मजल्यावर ड्रिल, आणि हॉलमध्ये बाकीचे आपापली वाद्यं लावत असतात, तिथे माइक गोंधळतो. क्लिपवाला मात्र फक्त तुमच्याच गिटारचं लाकूड ऐकतो, मागे ढोल वाजत असला तरी बहुतेक वेळा चालून जातं.

म्हणून गिटार, युकुलेले, मॅन्डोलिन यांना क्लिपवालाच घ्या. इलेक्ट्रिक गिटार घेऊन ऑर्केस्ट्रात वाजवत असाल तर पेडल ट्यूनर, पाय ठेवला की आवाज बंद आणि लोकांना तुमचं ट्यूनिंग ऐकावं लागत नाही, फक्त ९ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर घेताना पिनचं आतलं टोक निगेटिव्ह आहे ना ते बघा, बहुतेक पेडलना तसाच लागतो. बेस गिटारवाल्यांनी जरा जास्त लक्ष द्या, बेसची जाड ई तार ४१ हर्ट्झच्या आसपास वाजते आणि स्वस्तातल्या ट्यूनरचा काटा तिथे नुसता नाचत बसतो.

स्टेप २, क्रोमॅटिक आहे का ते बघा, यात तडजोड करू नका. फक्त गिटार मोड असलेल्या ट्यूनरला ई, ए, डी, जी, बी, ई एवढंच कळतं. उद्या एक तार खाली उतरवून वाजवायचं झालं किंवा घरातल्या कोणाचा तानपुरा लावायचा झाला तर तो कामाचा नाही. क्रोमॅटिकला बाराही सूर कळतात. पण नवशिक्यांसाठी एक धोका सांगतो, क्रोमॅटिक नुसतं ई दाखवतो, कुठल्या सप्तकातला ते बरेचदा सांगत नाही, त्यामुळे तार खूप सैल असेल तर लोक चढवत चढवत पुढच्याच सुरावर नेतात आणि तार तुटून हाताला लागते. तार नेहमीपेक्षा घट्ट लागायला लागली की थांबा, आणि आपण फिरवतोय ती की, म्हणजे तार ताणायची खुंटी, त्याच तारेची आहे ना तेही बघा.

स्टेप ३, कॅलिब्रेशन. ४३० ते ४५० एवढी रेंज असली तर आपलं काम होतं. आपल्याकडे पेटी हे असं वाद्य आहे की तिचे सूर कार्यक्रमात बसून लावता येत नाहीत, आतल्या पत्त्या घासाव्या लागतात आणि ते कारागिराचं काम, म्हणून बाकीच्यांनी पेटीकडे यायचं. आकडा स्क्रीनवर सतत दिसतो का तेही पाहा, कारण बॅगेत बटण दाबलं जाऊन ४४० चं ४३७ झालेलं मी बघितलंय आणि कोणाला कळत नाही बिघडलंय काय.

आता तानपुरा, हा विषय माझ्या फार आवडीचा. ट्यूनरवर अक्षरं इंग्रजी असतात तेव्हा पट्टी लक्षात ठेवा, पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. काळी एकमध्ये गाणाऱ्यासाठी पंचमाची तार जी शार्पवर आणि षड्जाच्या तिन्ही तारा सी शार्पवर, त्यातली खर्जाची एक सप्तक खाली. क्लिप खुंटीला लावली तर चालते. पण जवारी लागलेली असली, म्हणजे घोडीवर तारेखाली दोरा बसवून आवाज गुंजता केलेला असला, की तारेतून इतके उपसूर निघतात की ट्यूनर भलतंच अक्षर दाखवतो. षड्जाची तार छेडली आणि स्क्रीनवर एफ आला, काटा डावीकडे साधारण १४ सेंटवर, तर ट्यूनर बिघडलेला नाही, त्याने स्वयंभू गंधार पकडलाय! तारेच्या पाचव्या उपसुरातून येणारा तो गंधार पेटीवरच्या गंधारापेक्षा तेवढाच उतरलेला असतो. म्हणून ट्यूनर लावताना जवारीचा दोरा बाजूला सरकवा, तार हलकी छेडा, साधारण सुरावर आणा, मग दोरा परत बसवून मण्यांनी बारीक लावताना ट्यूनर बंद करा आणि कानाने लावा. याच कारणाने गाणाऱ्याने आपला गंधार, धैवत, निषाद ट्यूनरच्या हिरव्या दिव्यावर घासत बसू नये. ट्यूनर पेटीसारखा सारख्या अंतरांचा हिशोब करतो, त्याच्याकडून षड्ज घ्यायचा आणि पुढचं तानपुऱ्यावर.

तबला आणि बासरीला क्लिपचा उपयोग नाही, तिथे माइकच हवा, म्हणून घरात दोन-तीन वाद्यं असतील तर क्लिप आणि माइक दोन्ही मोड असलेला घ्या. तबल्याचा 'ना' हा बोल चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेवर, वाजवून बघायचा, तो सूर क्षणात विरतो म्हणून ज्याचा काटा पटकन उठतो तोच ट्यूनर तिथे चालतो.

स्टेप ४, दुकानात जाऊन हातात घेऊन बघा. धोबीतलावला मेट्रो सिनेमाच्या आसपास वाद्यांची दुकानं आहेत, फुर्टाडोज तिथलंच. गर्दीच्या वेळी गेलात तर उलट बरं, चारजण गिटार वाजवून बघत असतात, त्या गोंगाटात क्लिप लावून जाड ई तार अंगठ्याने बाराव्या फ्रेटजवळ हलकी छेडा, काटा शांत उभा राहतो का ते बघा. मग की मुद्दाम थोडी फिरवा, काटाही लगेच तसा हलतो का. स्क्रीन तिरकी करून, दाराच्या उजेडात नेऊन वाचता येते का. कॅलिब्रेशन बदलून बंद करून परत चालू करा, आकडा तोच राहतो की ४४० वर जातो, दोन्ही चालतं पण आपल्याला माहीत पाहिजे. क्लिपचा सांधा दोन-चार वेळा वाकवून बघा, स्वस्त ट्यूनर आधी तिथेच मोडतात.

सेल बहुतेकांना सीआर २०३२ लागतो, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. घरात लहान मूल असेल तर सेलच्या झाकणाला स्क्रू असलेलाच ट्यूनर घ्या, तो बटणासारखा सेल पोटात गेला तर जिवावर बेततं, आणि जुना सेलही टेबलावर ठेवू नका.

घरी आणल्यावर सूर नेहमी खालून वर चढवत लावा, जास्त चढली तर सुराच्या खाली उतरवून परत वर या, नाहीतर की मधली ढिलाई राहते आणि दोन गाण्यांत तार उतरते. नवीन तारा हाताने हलक्या ताणून परत लावा. पावसाळ्यात आपल्याकडे लाकूड दमट होऊन फुगतं, सकाळी लावलेली गिटार संध्याकाळी बदललेली असते, त्यात ट्यूनरचा काही दोष नाही. वाजवून झालं की क्लिप काढून ठेवा, काही जुन्या पॉलिशवर रबराचा डाग कायमचा बसतो. आणि कार्यक्रमाला गेलात की बॅग उघडल्या उघडल्या पेटीवाल्यांना म्हणा, काका, जरा पांढरी सहा द्या.