गवारीला बुरशी, आणि पुढे
गेल्या उन्हाळ्यात दोन किलो गवार वाळवली. पावसाळ्यात बरणी उघडली तर कुबट वास आणि पांढरी बुरशी. सगळी फेकली. चूक माझीच: शेंगा बाहेरून कडक, पण आत ओल होती. त्यात उन्हातून आणून गरम असतानाच झाकण लावलं, मग आत घाम सुटणारच.

यंदा शेंगा मोडून उकळत्या मिठाच्या पाण्यात ३ मिनिटं ठेवल्या, लगेच गार पाण्यात. हिरवा रंगही बराच टिकला. जुन्या सुती साडीवर एकेरी पसरून ४ दिवस गच्चीत, संध्याकाळी आत. (शेजारची कबुतरं हा वेगळाच विषय.) शेंग वाकली नाही, कट्कन मोडली, तेव्हाच थांबले. पूर्ण गार करून काचेच्या बरणीत भरल्या. आठवडाभर रोज बघत होते, काचेवर दव नाही. वाळून साडेतीनशे ग्रॅमच उरली!