छोट्या रीफ टँकमधलं अ‍ॅनिमोन आणि खान्देशातला उन्हाळा : या चुका टाळा

४० लिटरच्या रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, अ‍ॅनिमोन (फुलासारखा दिसणारा मऊ समुद्री प्राणी) मेलं की ते एकटं जात नाही. त्याचं मऊ अंग काही तासांत कुजायला लागतं, अमोनिया चढतो आणि सकाळपर्यंत मासे, कोळंबी सगळं आडवं होतं. मोठ्या टँकमध्ये पाणी जास्त असल्यामुळे सावरायला वेळ मिळतो, लहान टँकमध्ये तो मिळत नाही. म्हणून इथे अ‍ॅनिमोन जगवणं म्हणजे आधी पाणी स्थिर ठेवणं.

फक्त पंख्यावर भरवसा

मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. अ‍ॅनिमोनला पाणी हवं २४ ते २७ अंशांचं. ३० च्या वर काही दिवस गेले की त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल बाहेर पडतं आणि अ‍ॅनिमोन पांढरं पडतं. हेच शैवाल उजेडावर अन्न तयार करून त्याला पोसत असतं. म्हणजे पांढरंशुभ्र, ‘सुंदर’ दिसणारं अ‍ॅनिमोन खरं तर उपाशी असतं. दुकानातही असं घेऊ नका.

पाण्यावर तिरका लावलेला छोटा पंखा आपल्या कोरड्या हवेत पाणी २ ते ४ अंशांनी उतरवतो. पण खोलीच ३६-३८ वर असेल तर तेवढ्यानं भागत नाही. त्यातून डेझर्ट कूलर लावला तर खोली गार होते, पण हवा दमट झाल्यानं टँकच्या पंख्याचा असर घटतो. जुलै-ऑगस्टच्या उकाड्यातही तेच होतं. दुपारी खोली ३३-३४ च्या वर जात असेल आणि चिलर (टँकचं पाणी गार करणारं यंत्र) किंवा एसी नसेल, तर अ‍ॅनिमोन आणूच नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. लाइट गेल्यावर वापरायला बॅटरीवरचा एअर पंप आणि फ्रीजरमध्ये गोठवलेल्या अर्ध्या लिटरच्या दोन-तीन बाटल्या तयार ठेवा. बाटली बंदच ठेवून पाण्यात तरंगवायची, तीही एका वेळी एकच. तापमान तासाला अंशभरापेक्षा जास्त उतरू देऊ नका.

उडालेल्या पाण्याच्या जागी खारं पाणी

बरीच अ‍ॅनिमोन या चुकीनं जातात. पाण्याची वाफ होते, मीठ टँकमध्येच राहतं, म्हणून त्या जागी खारं पाणी भरलं की खारटपणा वाढतच जातो. नुसतं दुर्लक्ष झालं तरी तेच. ४० लिटरमधून रोज एक लिटर उडालं आणि तीन दिवस लक्ष गेलं नाही, तर खारटपणा ३५ वरून जवळजवळ ३८ पीपीटीवर (हजार भागांत मिठाचे भाग) जातो. मग घाईनं तीन लिटर गोडं पाणी एकदम ओतलं की दुसरा धक्का बसतो. काचेवर पातळीची खूण करा आणि सकाळ-संध्याकाळ तेवढंच गोडं आरओ पाणी भरा. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) लावलं तर त्याची साठवणीची बाटली ३-४ लिटरचीच ठेवा. सेन्सर अडकून ती पूर्ण रिकामी झाली तरी खारटपणा ३२ च्या आसपास थांबतो. २० लिटरचा जार जोडला असेल तर टँक संपला.

खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरनं (थेंबभर पाण्यातून खारटपणा दाखवणारं उपकरण) मोजा. तो साध्या पाण्यावर नाही, ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवून घ्या.

स्वयंपाकघरातलं आरओ

आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं. घरच्या आरओला टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो. तो चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, म्हणून मीटरवर ५०-१०० दिसतं. कंट्रोलर पूर्ण बंद करा आणि पुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार शोषणारे दाणे) काडतूस जोडा. टीडीएस ० आला पाहिजे. आठवड्याला ४ लिटर पाणी बदलायचं तर सुमारे १५० ग्रॅम रीफ सॉल्ट लागतं. ते पंप लावून रात्रभर फिरवा आणि टँकच्याच तापमानाला आणून मग घाला. खडे मीठ किंवा आयोडीनयुक्त मीठ चालत नाही.

खडक म्हणून समुद्रावरून प्रवाळ उचलून आणू नका. कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ चं संरक्षण आहे. सिरॅमिकचा किंवा तयार केलेला कृत्रिम खडक घ्या.

चुकीची जात, घाईची वेळ

बबल टिप जातीचं अ‍ॅनिमोन फूटभर पसरतं आणि जागा बदलत फिरतं. फिरताना शेजारच्या प्रवाळांना डंख मारतं. ४० लिटरला रॉक फ्लॉवर किंवा मिनी कार्पेट या लहान जाती बऱ्या. टँक किमान सहा महिने जुना हवा. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता, डीकेएच या एककात मोजतात) ८-९ डीकेएच यांच्या आसपास स्थिर असावी. नायट्रेट शून्यावर नेण्याचा हट्ट नको. पंपाच्या तोंडाला स्पंज लावलाच पाहिजे, नाहीतर फिरतं अ‍ॅनिमोन आत ओढलं जाऊन चिरतं. नवीन आणल्यावर लाइट निम्म्यावर ठेवून दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा.

खायला आठवड्यातून एकदा मायसिसचे (कोळंबीसारखा बारीक जीव, गोठवलेलं खाद्य म्हणून मिळतो) दोन-तीन दाणे पुरे. मोठा तुकडा दिला तर ते दुसऱ्या दिवशी बाहेर टाकतं आणि तो टँकमध्ये सडतो.

हातावरची फवारणी

कपाशीवर फवारणी करून आलेले हात टँकमध्ये घालू नका, साबणानं धुतले असले तरी. त्या दिवशी दुसऱ्या कुणाला सांगा. डासांचं लिक्विड मशीनही त्या खोलीत नको, कारण एअर पंप तीच हवा पाण्यात सोडतो. माशांच्या औषधातलं तांबंही अ‍ॅनिमोनला मारतं.

मेलंय की मिटलंय?

रात्री आकसणं, तोंडातून तपकिरी घाण टाकणं, एखादा दिवस लोळागोळा होऊन पडणं, यात घाबरण्यासारखं काही नाही. त्याला टोचून पाहू नका. पण तोंड दोन-तीन दिवस सताड उघडं असेल, पायाची पकड सुटली असेल, अंगाचे धागे होऊन पाण्यात तरंगत असतील आणि सडक्या मासळीचा वास येत असेल, तर ते गेलं. लगेच वाटीनं पाण्यासकट उचला, नळीनं उरलेले तुकडे ओढा, निम्मं पाणी बदला, पाणी शुद्ध करणारा ताजा कार्बन (सक्रिय कोळसा) लावा आणि दोन दिवस सकाळ-संध्याकाळ अमोनिया तपासा. म्हणूनच १५-२० लिटर तयार खारं पाणी झाकण लावून कायम बाजूला ठेवायचं.

मागवायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत मागवा. एप्रिल-मेमध्ये मुंबईहून येणारं पार्सल वाटेतच तापतं. मात्र धुळ्याकडे थंडीत रात्रीचा पारा दहाच्या खालीही जातो, तेव्हा थर्मोस्टॅटचा ५० वॉटचा हीटर आधी लावून २५ अंशांवर ठेवा.