मारिओ गोल्फ : सुपर रश – कोणत्या मोडमध्ये काय जपावे

निन्टेन्डो स्विच या व्हिडिओ गेमच्या कन्सोलसाठी २५ जून २०२१ रोजी आलेला ‘मारिओ गोल्फ : सुपर रश’ हा खेळ वरवर पाहता मुलांचा वाटतो. टोपीवाला मारिओ, हिरवा डायनासोर योशी, बोकाळलेला बाउझर आणि भुतासारखा तरंगणारा बू ही मंडळी एकमेकांच्या चेंडूंवर आपटत हिरवळीवरून धावत सुटतात, आणि पाहणाऱ्याला वाटते की येथे गोल्फपेक्षा गोंधळच जास्त आहे. मात्र हा खेळ घडवणारी कॅमेलॉट ही जपानी कंपनी १९९९ सालापासून मारिओचे गोल्फ बनवत आली आहे, आणि त्या गोंधळाच्या तळाशी तिने गोल्फचे नियम चांगलेच पक्के ठेवले आहेत. नव्या खेळाडूची फसगत मात्र वेगळ्याच ठिकाणी होते. या खेळातील प्रत्येक मोडमध्ये, म्हणजे खेळण्याच्या प्रकारात, खर्च होणारी वस्तू निराळी असते. एका मोडमध्ये फटके मोजले जातात, दुसऱ्यात सेकंद, तिसऱ्यात झेंडे, आणि हे ध्यानात न घेता सगळीकडे एकाच पद्धतीने खेळणारा हरतो.

प्रथम फटका शिकून घ्यावा, कारण तो सर्व मोडमध्ये सारखाच आहे. ए बटण दाबले की पडद्यावरच्या उभ्या पट्टीत एक खूण वर चढू लागते आणि दुसऱ्यांदा दाबले की फटक्याची ताकद ठरते. त्यानंतर पट्टी पुन्हा भरत असताना कंट्रोलरवरची डावी काठी (स्टिक) ज्या बाजूला कलवाल त्या बाजूला चेंडू हवेत वळतो, आणि काठी मध्येच उलट फिरवली तर तो नागमोडीही जातो. टॉपस्पिनसाठी ताकद ठरवताना ए लागोपाठ दोनदा दाबावे, म्हणजे चेंडू पडल्यावर पुढे धावतो. बॅकस्पिनसाठी बी बटण वापरावे, म्हणजे तो पडल्या जागी थबकतो किंवा थोडा मागे येतो. ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, उंचावरून चेंडू टाकताना बॅकस्पिन आणि लांबलचक मोकळ्या फेअरवेवर, म्हणजे तिथपर्यंत नेणाऱ्या कापलेल्या गवतावर, टॉपस्पिन, एवढे सूत्र पहिल्या आठवड्यापुरते पुरते.

गोल्फशी मुळीच परिचय नसलेल्यांनी चार शब्द समजून घ्यावेत. एखाद्या होलसाठी, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेपासून खळग्यापर्यंतच्या टप्प्यासाठी (खळग्यालाही होलच म्हणतात), अपेक्षित असलेली फटक्यांची संख्या म्हणजे ‘पार’. त्याहून एक कमी लागला तर ‘बर्डी’, दोन कमी लागले तर ‘ईगल’ आणि एक जास्त लागला तर ‘बोगी’. गोट्यांच्या डावात गलीत गोटी घालताना शेवटच्या हातभर अंतराचीच खरी परीक्षा असते, तशीच येथे ग्रीनवरच्या शेवटच्या हलक्या फटक्याची, म्हणजे पटची असते. ग्रीनवर उताराच्या दिशेने सरकणाऱ्या खुणा दिसतात. त्या वेगाने सरकत असतील तर उतार तीव्र आहे असे समजावे आणि होलच्या नेमक्या दिशेने न मारता चढाच्या बाजूने जरा फाकून मारावे.

चेंडू रफमध्ये, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतात, किंवा वाळूत पडला असेल तर पट्टीवर धोक्याचा भाग दिसतो. त्या भागात ताकद नेली की चेंडू मनाजोगता जाईलच याची खात्री राहत नाही, म्हणून तेथे पूर्ण जोर लावण्याचा मोह टाळून थोडा कमी पल्ला स्वीकारणे हिताचे असते. चेंडू उतारावर विसावला असेल तर ती पट्टीच वाकलेली दिसते, आणि ज्या बाजूला ती वाकते त्या बाजूला चेंडू आपोआप ओढला जाणार हे गृहीत धरून नेम दुसरीकडे धरावा लागतो. फटक्यापूर्वी जमिनीचा चढउतार मोजून दाखवणारी सोयही खेळात आहे. ती वापरण्याचा कंटाळा करणारे माझ्या पाहण्यातील बहुतेक जण टेकडीवरच्या होलसाठी पुरेसा पल्ला धरत नाहीत आणि मग खेळालाच दोष देतात.

आता स्टँडर्ड गोल्फ. येथे फटके मोजले जातात आणि वेळेची घाई कुणालाच नसते. नव्या खेळाडूने पहिले काही दिवस याच मोडमध्ये घालवावेत, रूकी कोर्स हे नवशिक्यांचे मैदान निवडावे आणि पूर्ण १८ होल खेळण्याचा अट्टहास न करता थोडे होल घेऊन बसावे. चार जणांपर्यंत एकाच कन्सोलवर हा मोड खेळता येतो, त्यामुळे सणासुदीला घरात पाहुणे जमले असतील आणि त्यांतील निम्म्या जणांनी कंट्रोलर कधी हातात धरला नसेल, तर दुसरा विचार करू नये. आजीसुद्धा निवांतपणे वारा पाहून, गोल्फच्या काठ्यांपैकी हवी ती निवडून फटका मारू शकते, आणि मधल्या वेळेत चहा होतो. स्टँडर्डमध्ये धाडस महाग पडते. पाण्यावरून जाणारा जवळचा रस्ता दिसला तरी एक सुरक्षित फटका टाकून पार साधणारा खेळाडू शेवटी पुढे असतो.

स्पीड गोल्फ हा या खेळाचा खरा आत्मा आहे, आणि नावातील ‘रश’ तेथूनच आलेला आहे. सर्व खेळाडू एकाच वेळी टीवरून, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेवरून, मारतात आणि चेंडू हवेत असतानाच त्याच्यामागे धावत सुटतात. पुढचा फटका मारण्यासाठी तुमच्या पात्राला स्वतःच्या पायांनी चेंडूपर्यंत पोहोचावे लागते. हिशेब शेवटी वेळेचा होतो, पण प्रत्येक फटक्यामागे ३० सेकंद वाढवले जातात, आणि या एका नियमावर सगळे डावपेच उभे आहेत. नवखा खेळाडू केवळ धावण्यावर भर देतो, घाईघाईत मारतो, एक फटका जास्त लागतो आणि धावून वाचवलेले दहा-बारा सेकंद तिप्पट दंडात जातात. म्हणून नेम धरण्यासाठी चार-पाच सेकंद उभे राहण्याची लाज बाळगू नये. एक फटका वाचत असेल तर ते चार-पाच सेकंद फार स्वस्तात पडतात.

धावताना दमसास संपतो, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. वाटेत पडलेले हृदयाचे चिन्ह उचलले की दम परत भरतो आणि नाणी गोळा केली की विशेष फटक्याची तयारी होते. चेंडूकडे जाणारी सरळ रेषा सोडून जरा वाकड्या वाटेने हृदये वेचत गेलेला खेळाडू अनेकदा आधी पोहोचतो, कारण दम संपलेले पात्र शेवटचे अंतर रखडत पार करते. विशेष धाव घेताना वाटेतल्या प्रतिस्पर्ध्याला धडक देऊन बाजूला फेकता येते. ही धडक मजेची असली तरी तिच्यासाठी वाट वाकडी करू नये, कारण समोरच्याचे दोन-तीन सेकंद घालवताना आपलेही तेवढेच जातात. घरातल्या दोन भावंडांना हा सल्ला पटत नाही, हेही अनुभवाने सांगतो. एकाच कन्सोलवर पडदा दुभागून हा मोड दोघांनाच खेळता येतो. चौघांना खेळायचे तर एकापेक्षा जास्त कन्सोल जोडावे लागतात किंवा निन्टेन्डोची सशुल्क ऑनलाइन सेवा घ्यावी लागते.

पात्राची निवडही मोडनुसार बदलावी. ताकद, दम, वेग, अचूकता आणि फिरकी असे प्रत्येकाचे पाच गुण असतात आणि सुरुवातीच्या १६ पात्रांपैकी कुणाचेही पाचही गुण उत्तम नाहीत. बाउझर चेंडू फार लांब मारतो, पण त्याला चेंडू हवा तसा वळवणे अवघड जाते. फटके मोजले जाणाऱ्या मोडमध्ये मी अचूक पात्र पसंत करतो, तर स्पीड गोल्फमध्ये लांब मारणारे पात्र एखादा फटका वाचवून आपला मंदपणा भरून काढू शकते. विशेष फटकेही प्रत्येकाचे वेगळे आहेत. योशीचा विशेष फटका जवळ पडलेल्या इतरांच्या चेंडूंची अंडी करतो आणि मग ती वेडीवाकडी घरंगळतात. लुइजीचा फटका जिथे पडतो तिथली जमीन गोठवतो. हे फटके होलपर्यंत पोहोचण्यासाठी नसून ग्रीनजवळ आधी पोहोचलेल्यांची घडी विस्कटण्यासाठी राखून ठेवावेत, आणि हाच विचार समोरचाही करत असणार म्हणून आपला चेंडू होलजवळ फार काळ पडून राहू देऊ नये.

बॅटल गोल्फमध्ये फटके मोजले जात नाहीत आणि सेकंदही मोजले जात नाहीत. एका बंदिस्त मैदानात नऊ होल असतात, ते कोणत्याही क्रमाने घेता येतात, आणि ज्याने प्रथम तीन झेंडे (प्रत्येक होलचा एक) जिंकले तो विजयी होतो. एकाने घेतलेला होल इतरांच्या हातून जातो. त्यामुळे येथे मैदानाचा नकाशा वाचणे फटक्याइतकेच महत्त्वाचे ठरते. सगळे जण सर्वांत जवळच्या होलकडे धावत असतील तर त्या गर्दीत न शिरता दूरचा, एकटा पडलेला होल घ्यावा. दोन झेंडे झालेल्या खेळाडूवर सगळ्यांनी मिळून नजर ठेवावी लागते, आणि मधूनमधून वरून बॉम्ब पडतात त्यांचाही हिशेब ठेवावा लागतो. डाव पाच-सात मिनिटांत आटोपतो, म्हणून जेवणाआधीच्या थोड्या वेळासाठी हा मोड सोयीचा आहे; मात्र त्यात गोल्फ असा थोडाच उरतो, हे माझे मत आहे.

एकट्याने खेळायचे असेल तर गोल्फ अ‍ॅडव्हेंचर निवडावे. येथे तुमचे ‘मी’ (Mii) पात्र, म्हणजे कन्सोलवर तुम्ही स्वतः घडवलेली बाहुली, नवशिक्या म्हणून दाखल होते, अनुभव मिळवत वरच्या पातळीवर चढते आणि प्रत्येक पातळीला मिळणारा गुण तुम्ही पाच गुणांपैकी कशाला द्यायचा ते ठरवता. सर्व गुण ताकदीत ओतण्याची चूक बहुतेक जण करतात. पुढे ताकद वाढवताना अचूकता घटू लागते आणि मग सरळ फटकाही वाकडा जातो. सुरुवातीला वेग आणि दम यांकडे लक्ष दिलेले बरे, कारण कथेतील बरीचशी आव्हाने धावण्याचीच आहेत. मोडचा पहिला भाग शिकवणीसारखा संथ आहे, तो धीराने पार पाडावा. रिजरॉक लेक या कोर्सच्या कडेकपारींत तुम्हाला क्रॉस कंट्री पद्धत भेटते, आणि ती मला साऱ्या खेळातील सर्वांत बुद्धिमान कल्पना वाटते. मोकळ्या रानात होल विखुरलेले असतात, क्रम तुम्ही ठरवायचा असतो, पण सगळ्यांसाठी मिळून फटक्यांचा साठा ठरलेला असतो. येथे आधी चेंडू मारू नये. नकाशा उघडून सगळे होल पाहावेत, कड्यावर नेणारी वावटळ कुठे आहे ते हेरावे आणि उंचावरचे होल आधी घेऊन खाली उतरत यावे, कारण वर चढवण्यात दोन फटके जातात तेथे खाली टाकायला एक पुरतो.

जॉय-कॉन, म्हणजे स्विचचा सुटा होणारा छोटा कंट्रोलर, हातात धरून प्रत्यक्ष गोल्फची काठी फिरवल्यासारखे खेळण्याची सोयही आहे. ती स्टँडर्ड गोल्फमध्ये गंमत आणते, पण स्पीड गोल्फमध्ये नेमाचे नुकसान करते, म्हणून स्पर्धा गंभीर असेल तेव्हा बटणांवर यावे. हातातला पट्टा मनगटात अडकवल्याशिवाय मात्र फटका मारू नये, विशेषतः टीव्ही नवा असेल तर. नवे कोर्स हवे असतील तर खेळ अद्ययावत करून घ्यावा. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या मोफत अपडेटमध्ये न्यू डॉन्क सिटी हा शहरातल्या इमारतींमधून जाणारा कोर्स आणि टोडेट हे पात्र मिळाले, आणि उंच गच्चीवरून खालच्या रस्त्यावर चेंडू टाकताना बॅकस्पिनचा सराव तेथे जितका चांगला होतो तितका दुसरीकडे कुठेही होत नाही.