स्टुडिओ फ्लॅटमध्ये पार्टिशन टाकताय? या चुका टाळा

मुंबई-पुण्यात स्टुडिओ फ्लॅट घेताना मोकळं मोकळं भारी वाटतं, पण एकाचं वर्क फ्रॉम होम, दुसऱ्याची नाइट शिफ्ट आणि त्यात गावाहून आईबाबा आले की लक्षात येतं, दार लावून बसायला फक्त बाथरूम आहे. मग सुताराला बोलवायचं आणि सांगायचं, मधोमध पार्टिशन टाक. गडबड इथूनच सुरू.

मधोमध म्हणजे नेमका पंख्याचा हूक! ४८ इंची पंख्याचं पातं हुकापासून २ फूट फिरतं, त्यापुढे अजून फूट-दीड फूट मोकळं हवं, म्हणजे पार्टिशन सरकवा नाहीतर दोन्हीकडे वेगळे पंखे घ्या. नवा पंखा स्लॅबलाच फास्टनर (काँक्रीटमध्ये घट्ट बसणारा बोल्ट) मारून लावायचा, फॉल्स सीलिंगच्या पत्र्याच्या फ्रेमला अजिबात नाही.

विटांची भिंत तर नकोच. ४ इंची भिंत प्लास्टर धरून लांबीच्या दर फुटाला २०० किलोच्या घरात जाते आणि ते सगळं वजन स्लॅबवर. जिप्सम बोर्डाचं पार्टिशन, म्हणजे पत्र्याच्या फ्रेमवर दोन्हीकडून जिप्समचे पातळ बोर्ड, त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात बसतं.

आता सगळ्यात जास्त फसतात ते आवाजात. पार्टिशन झालं, रंग झाला, आणि पलीकडचं घोरणं जसंच्या तसं ऐकू येतंय. कारण काय तर पार्टिशन फॉल्स सीलिंगपर्यंतच नेलेलं, वरच्या पोकळीतून आवाज आरामात उडी मारतो. ते स्लॅबला भिडवा, आत आवाज शोषणारं ग्लासवूल किंवा रॉकवूल भरा, आणि दोन बाजूंचे स्विचबोर्ड पाठीला पाठ लावून बसवू देऊ नका, वायरमनला तेच सोपं पडतं म्हणून तो तसंच करणार. स्लायडिंग दार जागा वाचवतं हे खरं, पण फटींतून आवाजही येतो आणि फोडणीचा वासही. झोपायची खोली असेल तर साधं बिजागरीचं दार बरं.

खिडकी एकाच बाजूला असेल तर दुसरा भाग भर दुपारी अंधारा होतो, तिथे वरचे दीड-दोन फूट फिक्स काच ठेवा. टीव्ही किंवा कपाट टांगायचंय? बोर्ड लावायच्या आधी आत १८ एमएमचं प्लाय टाकून घ्या, नुसत्या जिप्सममधला स्क्रू आज ना उद्या हातात येतो.

काम होऊन गेलंय आणि पार्टिशन जुन्या भिंतीला भिडतं त्या सांध्यात उभी चीर पडलीये? नुसतं पुट्टी भरून परत रंग मारला तर ती परत येणार, चीर मोकळी करून पेंट करता येणारं लवचीक सीलंट भरा. बोर्डाच्या जोडावर चीर असेल तर मात्र जोडावर चिकटवायची जॉइंट टेप आणि त्यावर जोड भरायचं कंपाउंड. खालची कड फुगली असेल तर लादी पुसताना पाणी आत जातंय, तेवढी पट्टी कापून ओल सहन करणारा हिरवा बोर्ड लावा, जमिनीपासून थोडा वर, आणि वरून टाइलचं स्कर्टिंग.

पोटमाळ्याचा विचार असेल तर आधी टेप लावून उंची मोजा. खाली उभं राहायला ७ फूट, वर नीट बसायला ४ फूट, शिवाय फ्रेमची जाडी. नव्या बिल्डिंगमध्ये एवढी उंची क्वचितच मिळते, आणि जुन्या चाळीत मिळाली तरी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय आणि परवानगी घेतल्याशिवाय भिंतीत गर्डर ठोकू नका.